अंडाशयाचा कर्करोग यकृतावर पोहोचूनही स्टेज तिसरी कशी?

आपला प्रश्न असा आहे की, आईंच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये यकृताच्या पृष्ठभागावर आणि श्वासपटलाखाली गाठी असल्याचे लिहिलेले असताना डॉक्टरांनी स्टेज तिसरी का सांगितली, आणि ओटीपोटातला रोग इतक्या वर गेला कसा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, प्रत्यक्ष उपचार करत नाही. त्यामुळे उपचारांबद्दल मत देणार नाही, परंतु हा रोग कोणत्या वाटेने जातो हे नेहमी पाहण्यात येते.

बहुतेक कर्करोगांना दूरच्या अवयवापर्यंत जाण्यासाठी रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळीत) शिरावे लागते. अंडाशयाच्या कर्करोगाला तशी गरज सहसा पडत नाही, कारण अंडाशय उदरपोकळीत जवळपास उघडाच असतो. त्याच्यावर पेशींचा केवळ एक पातळ थर असतो. शिवाय या रोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, ज्याला रिपोर्टमध्ये हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा म्हटले जाते, पुष्कळदा अंडाशयात नव्हे तर बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो, आणि ते टोकही याच पोकळीत उघडते. तेथून पेशी सुट्या किंवा पुंजक्यांनी गळून पडतात. आधारापासून सुटलेली साधी पेशी एरवी मरते. या पेशी मात्र एकमेकींना चिकटून पुंजक्यात तग धरतात.

प्रत्येकाच्या पोटात आतडी एकमेकांवर सहज सरकावीत म्हणून थोडा द्रव असतो, आणि तो स्थिर नसतो. श्वासोच्छ्वासाबरोबर श्वासपटलाखालचा दाब कमी होतो, तेव्हा द्रव वर ओढला जातो, आणि त्याची मुख्य वाट मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूने जाणाऱ्या खाचेतून आहे. डाव्या बाजूला प्लीहेजवळ एक स्नायुबंध आडवा येत असल्याने तिकडची वाट अडते. म्हणूनच उजवे श्वासपटल आणि यकृताचा पृष्ठभाग ही पेशी रुजण्याची अगदी नेहमीची ठिकाणे आहेत. काही पेशी गुरुत्वाकर्षणाने खाली, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत साचतात. तपासणीच्या वेळी तिथल्या गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागू शकतात.

या रोगाचे सर्वांत आवडते ठिकाण मात्र ओमेंटम, म्हणजे जठरापासून आतड्यांवर लोंबणारा चरबीचा पडदा. निरोगी ओमेंटम मऊ, पिवळे आणि इतके पातळ असते की मधूनमधून आरपार दिसते. या रोगात शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे येणारे ओमेंटम कधीकधी एक जाड, घट्ट पट्टा झालेले असते. सुरी घातली की करकरते आणि आत पांढुरका, टणक भाग दिसतो. रिपोर्टमध्ये यालाच ओमेंटल केक लिहितात. येथील चरबीच्या पेशी कर्करोगाच्या पेशींना आकर्षित करणारी द्रव्ये सोडतात आणि साठवलेली स्निग्धाम्ले त्यांना इंधन म्हणून पुरवतात, असे प्रयोगांतून दिसले आहे.

पोटात पाणी होण्याचे कारणही याच वाटेवर आहे. पोटातला द्रव श्वासपटलातील लसिकावाहिन्यांमधून शोषला जातो. पेशींनी त्या तुंबल्या की निचरा घटतो, आणि त्याच वेळी गाठी व्हीईजीएफ नावाचे द्रव्य सोडून रक्तवाहिन्या झिरपत्या करतात. पोट फुगणे आणि थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटणे ही लक्षणे यातूनही येतात, आणि ॲसिडिटी समजून त्यांत बराच काळ वाया जातो.

संशोधक डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण येथे सांगण्याजोगे आहे. पोटातल्या पाण्याचा त्रास कमी करण्यासाठी त्या काळी काही रुग्णांच्या पोटातून मानेच्या शिरेत नळी बसवत असत, म्हणजे पाण्यासोबत असंख्य कर्करोगपेशी थेट रक्तात जात. तरीही काही रुग्णांच्या शवविच्छेदनात पोटाबाहेर गाठी आढळल्या नाहीत, आणि काहींत त्या अगदी बारीक व निष्क्रिय होत्या. रक्तात पोहोचणे आणि तेथून दुसरीकडे रुजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थात रक्ताची वाट पूर्णपणे बंद नसते. रक्तातून ओमेंटमपर्यंत पेशी जाऊ शकतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

लसिकावाहिन्यांमधून रोग ओटीपोटातील आणि महाधमनीलगतच्या ग्रंथींपर्यंत जातो. यकृताच्या आत, फुप्फुसांत किंवा क्वचित मेंदूत तो बहुधा उशिरा, रक्तावाटे पोहोचतो.

आता स्टेजचे कोडे सुटते. फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या वर्गीकरणानुसार रोग अंडाशयांपुरता किंवा बीजवाहिन्यांपुरता असेल तर पहिली, ओटीपोटात पसरला तर दुसरी, आणि ओटीपोटाबाहेरील उदरावरणावर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) किंवा पोटामागच्या लसिकाग्रंथींत गेला तर तिसरी स्टेज धरतात. यकृताच्या पृष्ठभागावरील गाठ द्रवातून येऊन वरवर रुजलेली असते, म्हणून ती तिसऱ्यातच मोडते. यकृताच्या आतली गाठ, किंवा फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात सापडलेल्या कर्करोगपेशी, यांमुळे स्टेज चौथी होते.

पसरण्याची ही पद्धत ठाऊक असली की शस्त्रक्रिया एवढी मोठी का असते हेही उमगते: ओमेंटम काढतात, उदरावरणाचे नमुने घेतात, पोटातला द्रव तपासायला पाठवतात, कारण काही मिलिमीटरच्या गाठी सीटी स्कॅनमध्ये सुटू शकतात. रोग अंडाशयापुरताच वाटत असेल तर गाठीत सुई घालून नमुना घेणे टाळतात, तेही आतले द्रव्य पोकळीत सांडू नये म्हणूनच.

आईंच्या रिपोर्टमध्ये यकृताच्या संदर्भात ‘सरफेस’ किंवा ‘कॅप्सूल’ (म्हणजे पृष्ठभाग किंवा बाहेरचे आवरण) असे लिहिले आहे की ‘पॅरेन्कायमा’ (म्हणजे आतला भाग), हे पाहावे. स्पष्ट नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके हेच विचारावे, आणि फुप्फुसांभोवती पाणी आहे का व असल्यास ते तपासले आहे का, हेही विचारावे.