बेब रूथची सही आणि लेकीची फी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांनी विचारलंय: वय ४६, बोनस हाती आलाय. ओळखीच्या विक्रेत्याकडे बेसबॉलचा जुना महान खेळाडू बेब रूथ याची एकट्याची सही असलेला चेंडू १८,००० डॉलरला आहे. घ्यावा का? कमी पडले तर आयआरएतून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून, काढावेत का? लेक तीन वर्षांत कॉलेजला जाईल. शेवटी लिहिलंय, "सोनं घेतो तसंच हे, नाही का?"

नाही हो. सोनं ओक ट्री रोडवरच्या सराफाकडे नेलंत तर तो वजन करून त्याच दिवशीचा भाव सांगेल. चेंडूला गिऱ्हाईक शोधावं लागतं. समजा लिलावात कुणी एकूण १८,००० मोजलेही. त्यात लिलावगृह घेणाऱ्याकडून वीसेक टक्के वर लावतं, म्हणजे खरी बोली १५,०००ची. त्यातून तुमच्याकडूनही कमिशन कापू शकतं. भाव तसूभर न हलता तीन हजार गेले. नफा झालाच, तर अशा वस्तूंवर दीर्घ मुदतीचा कर २८ टक्क्यांपर्यंत लागतो. शेअरवर बहुतेकांना १५ टक्के. घराच्या साध्या विम्यात एवढी किंमत सहसा बसत नाही, तो हप्ता वेगळा.

आयआरएला मात्र हात लावू नका. त्या पैशांतून संग्राह्य वस्तू घेतली की रक्कम काढून घेतली असंच धरतात: कर भरा, वर तुमच्या वयाला १० टक्के दंड.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला (मोह मलाही झाला). चेंडूवर अमेरिकन लीग या मोठ्या बेसबॉल लीगचे अध्यक्ष विल्यम हॅरिज यांची सही छापलेली आहे. ते १९३१ ते १९५९ अध्यक्ष होते आणि रूथ गेला १९४८ मध्ये, म्हणजे काळ जुळतो. पुढचे अध्यक्ष जो क्रोनिन यांचं नाव असतं तर पत्र इथेच संपवलं असतं. पण जुळला तो चेंडूचा काळ. सही रूथच्याच हाताची हे त्यातून ठरत नाही. नकली सह्या करणारे जुने कोरे चेंडू मुद्दाम शोधतात. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये एक टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांची 'सही' असलेले बेसबॉलसुद्धा सापडले! त्यामुळे विक्रेत्याने स्वतःच लिहिलेलं प्रमाणपत्र मी धरतच नाही. पीएसए किंवा जेएसएसारख्या, सह्या तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेचं पत्र हवं, आणि त्यावरचा नंबर त्यांच्या साइटवर स्वतः टाकून पाहायचा.

माझं मत: बोनस लेकीच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, जाऊ द्या. हौस मोडू नका. दीड-दोन हजार बाजूला काढा आणि रूथनंतरच्या पिढीतला नामवंत खेळाडू मिकी मँटल याच्या सहीचा चेंडू बघा. त्याने उतारवयात भरपूर सह्या दिल्या, म्हणून रूथच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त पडतो. ते पैसे खर्चात मांडा, गुंतवणुकीत नको.

तरीही रूथच हवा असेल, तर विक्रेत्याला विचारा: हाच चेंडू पुढच्या वर्षी परत आणला तर किती द्याल? आकडा लेखी घ्या आणि मला कळवा.