जीआरबीच्या प्रकल्पासाठी कासला जायची गरज नाही

सांगलीत एम.एस्सी. फिजिक्स करताय, दुर्बीण नाही, तर अमावास्येला कास पठारावर जाऊन गॅमा किरण स्फोटांवर (जीआरबी) प्रकल्प जमेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही जमणार. आम्ही सातारकर आकाश बघायला कासला जातोच, पण गॅमा किरण वातावरणातच अडतात. १९६७ मध्ये हे स्फोट पहिल्यांदा टिपले तेही अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी, अणुचाचण्यांवर पाळत ठेवताना. तुम्हाला हवा तो फर्मी उपग्रहाचा डेटा नासाच्या संग्रहात फुकट आहे. लॅपटॉप आणि पायथनवर भागतं.

विषय मात्र छोटा घ्या. ‘जीआरबींचे गुणधर्म’ म्हणून बसलात तर वर्ष वाचनातच जाईल. माझं ऐकाल तर एकच स्फोट घ्या आणि एकच गोष्ट मोजा: टी-९०. म्हणजे स्फोटाचे ५ टक्के फोटॉन येऊन गेल्यापासून ९५ टक्के येईपर्यंतचा वेळ. २ सेकंदांच्या आत तो शॉर्ट, वर गेला की लाँग. शॉर्ट म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आणि लाँग म्हणजे महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळणं, असं आपण शिकतो.

आता ११ डिसेंबर २०२१ चा जीआरबी २११२११ए बघा. नासाच्याच स्विफ्ट उपग्रहाने टी-९० दिला सुमारे ५१ सेकंद, फर्मीने सुमारे ३४. स्फोट तोच! स्विफ्टची मोजणी १५ केईव्हीपासून (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) सुरू होते, फर्मीची नेहमीची मोजणी ५० ते ३०० केईव्हीत; आणि कमी ऊर्जेचे फोटॉन जास्त वेळ येत राहतात. वर एवढा लांबलेला असूनही त्याच्या जागी किलोनोव्हाच्या, म्हणजे न्यूट्रॉन तारे आदळल्यावर उरणाऱ्या चमकेच्या, खुणा सापडल्या, म्हणजे अंगुलीनिर्देश टकरीकडे. प्रकल्पाला यापेक्षा चांगला स्फोट मला सुचत नाही.

फर्मीच्या जीबीएमवर, म्हणजे असे स्फोट टिपणाऱ्या उपकरणावर, सोडियम आयोडाइडचे १२ डिटेक्टर आहेत. ज्यांत काउंट सर्वांत जास्त ते दोन-तीन निवडा. फाइलमध्ये प्रत्येक फोटॉनची वेळ आणि ऊर्जेचं चॅनेल मिळतं. मग स्फोटाच्या आधीचा आणि नंतरचा शांत भाग घेऊन पार्श्वभूमीला बहुपदी बसवा आणि ती वजा करा. सगळी कसोटी इथेच आहे. स्फोटाची शेपटी पार्श्वभूमीत विरत जाते. बसवलेली रेषा किंचित वर सरकली की शेपटी गायब आणि टी-९० घटला. म्हणून शांत भाग बदलून, बहुपदीची कोटी (डिग्री) बदलून पुन्हा पुन्हा मोजा आणि उत्तरातली ती तफावत अहवालात लिहाच. तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न यावरच येईल. त्यानंतर ऊर्जेचे तीन-चार पट्टे पाडून प्रत्येकाचा टी-९० काढा.

२०२२ चा जीआरबी २२१००९ए प्रसिद्ध असला तरी टाळा. तो इतका प्रखर होता की डिटेक्टर अक्षरशः तुंबले. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने जीआरबींच्या ध्रुवीकरणावर फार मोलाचं काम केलंय, पण त्या विश्लेषणाला अख्ख्या उपग्रहाचं सिम्युलेशन लागतं, ते पीएच.डी.साठी ठेवा.

पार्श्वभूमी वजा केलेला पहिला आलेख तयार झाला की इथे टाका. कुठला शांत भाग घेतलात तेही लिहा, म्हणजे ताडून बघता येईल.