त्या कागदावर सही करू नका

लेस्टरमधल्या एका वकिली कार्यालयात इमिग्रेशनच्या फायली सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आता मी बडोद्यात राहते आणि या सदरातून उत्तरे देते. या वेळी आलेली बहुतेक पत्रे ब्रिटनविषयी आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तशा कागदावर सही मागितली गेलेले ते एकटेच घर नसावे, असे मला वाटते.

प्रश्न : माझा मुलगा लेस्टरला एम.एस्सी. झाला. आता ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर काही काळ तिथे राहून काम करायचा व्हिसा) आहे, तो काही महिन्यांत संपेल. गोदामात काम करतो, व्हिसासाठी स्पॉन्सर होणारा मालक मिळालेला नाही. तिथल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला सांगितले, ‘व्हिसा संपू दे, मग असायलमची (आश्रयाची) केस टाक, वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही.’ इथल्या एजंटाने आम्हाला एक मसुदा आणून दिला आहे. मुलाने परजातीतल्या मुलीशी लग्न ठरवले म्हणून आम्ही आईवडिलांनी त्याला जिवे मारण्याची धमकी दिली, असे त्यात लिहिले आहे. आम्ही दोघांनी नोटरीपुढे सही करायची. मुलाचे वडील म्हणतात, कागदच तर आहे. मला झोप लागत नाही. – एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, सही करू नका. यजमानांनाही करू देऊ नका. बाकीचे सगळे सांगते, पण आधी एवढे ऐका.

तुमच्या मुलाला स्टुडंट व्हिसा मिळाला तेव्हा पैसे तुमच्या खात्यात दाखवले असतील, तर अर्जासोबत त्याचा जन्मदाखला आणि तुमचे एक पत्र जोडलेले असणार. ‘हा आमचा मुलगा आहे, त्याच्या शिक्षणासाठी हे पैसे वापरायला आमची संमती आहे’ असे ते पत्र. ते होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे आहे. उद्या त्याच होम ऑफिसच्या टेबलावर तुमच्याच सहीचा दुसरा कागद जाईल, की या मुलाला आम्ही मारून टाकू. मुलाखत घेणारा अधिकारी विचारेल, धमकी कोणत्या दिवशी दिली? फोनवर की समोर? कोणी ऐकली? त्यानंतर आईशी बोलणे झाले का? मुलगा ‘नाही’ म्हणेल, आणि त्याच्या फोनमध्ये दिवाळीच्या फराळाच्या पार्सलचा फोटो असेल, खाली तुमचा ‘मिळालं का रे?’ हा मेसेज असेल. अशा मुलाखतींचे उतारे मी पानेच्या पाने वाचले आहेत. शिकवलेली गोष्ट तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला उसवते, आणि उसवल्यावर समोरचा पोरगा जो गप्प होतो ते त्या टाइप केलेल्या कागदावरही कळते.

आता कायदा. आश्रय मिळतो तो 1951 च्या निर्वासित करारानुसार: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे असणे, यांपैकी कशामुळे तरी छळाची खरी भीती असेल तर. शिवाय हे दाखवावे लागते की आपल्या देशाचे पोलीस संरक्षण देणार नाहीत आणि देशात दुसरीकडे जाऊनही सुरक्षित राहता येणार नाही. भारताएवढ्या मोठ्या देशाबाबत हे दुसरे सिद्ध करणे फार अवघड. त्यात 2002 च्या ब्रिटिश कायद्याच्या 94 व्या कलमात सुरक्षित मानलेल्या ज्या देशांची यादी आहे, तिच्यात 2005 पासून भारताचे नाव आहे. अशा देशातल्या माणसाचा दावा नाकारताना तो ‘उघडपणे निराधार’ असा शेरा मारता येतो, आणि तो शेरा बसला की अपिलाचा हक्कच राहत नाही. ‘अपील करत करत दहा वर्षे निघतात’ हे एजंटाचे गणित इथेच कोसळते. व्हिसा संपेपर्यंत थांबून मग दावा केला, तर तो उशीरसुद्धा त्याच्या विश्वासार्हतेविरुद्ध धरला जाऊ शकतो.

आणि रोजचे जगणे? क्रॉयडनच्या लूनर हाउस या होम ऑफिसच्या कार्यालयात बोटांचे ठसे घेतात, पासपोर्ट ठेवून घेतात. व्हिसा संपल्यावर केलेल्या दाव्यात काम करता येत नाही. बारा महिने निर्णय लागला नाही आणि उशीर त्याच्यामुळे झालेला नसला, तरच परवानगी मागता येते, तीही सरकारने ठरवलेल्या मोजक्या कामांपुरती. मग पोरे चोरून काम करतात आणि मालक देईल तेवढ्यावर राबतात. तुम्ही आजारी पडलात, तर त्याला येता येणार नाही. दावा चालू असताना देश सोडला की दावा मागे घेतला असे धरतात. समजा, इतके करून तो जिंकलाच, तरी नोव्हेंबर 2025 मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी जे धोरण जाहीर केले त्यात निर्वासिताला अडीच-अडीच वर्षांचीच परवानगी आहे आणि कायम राहण्याचा हक्क 20 वर्षांनी.

फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरचे व्हिसा-अर्ज दहा वर्षे नाकारले जाऊ शकतात. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्याशी ब्रिटन ठशांची देवाणघेवाण करतो, त्यामुळे ‘इथे नाही तर तिथे’ हा रस्ताही अरुंद होतो. आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा आपल्याकडेही गुन्हा आहे. त्या कागदावर सही तुमची असेल, एजंटाची कुठेच नसेल.

मग मुलाने करायचे काय? व्हिसा संपायच्या आत पदवीला साजेशी नोकरी शोधायची. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी काम पदवीच्या पातळीचे लागते आणि वर्षाला निदान 41,700 पौंड पगार लागतो. पण ग्रॅज्युएट व्हिसावरून बदलणाऱ्याला ‘नवा उमेदवार’ म्हणून 33,400 पौंडांची सवलत मिळू शकते, अर्थात त्या कामाचा ठरलेला दरही पाहावा लागतो. ही सवलत पुष्कळ मालकांना माहीत नसते. त्याने अर्जातच ती लिहावी. गोदामातल्या कामावर हा व्हिसा मिळणार नाही, हेही त्याला आत्ताच स्पष्ट सांगा. नाहीच जमले तर व्हिसा संपण्याआधी परत यावे. कोरा, डाग नसलेला इतिहास घेऊन आलेला पंचविशीतला मुलगा पुन्हा कुठेही जाऊ शकतो. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती मला माहीत आहे, शियाबागेपासून वाडीपर्यंत सगळे विचारतील. विचारू द्या.

एक गोष्ट इथेच सांगते. खरोखर जिवाला धोका असलेली माणसे आपल्या देशातही आहेत, आणि आश्रयाचा कायदा त्यांच्यासाठी आहे. तसे कोणी हे वाचत असेल, तर उशीर करू नये. तिथे आश्रयाच्या कामासाठी, ऐपत नसेल तर, सरकारी खर्चाने वकील मिळतो. खोट्या केसांच्या ढिगाखाली सगळ्यात आधी दबतो तो हाच माणूस, म्हणूनच मला या मसुद्याचा इतका राग येतो.

प्रश्न : पुतण्याच्या बायकोसाठी वाघोडिया रोडच्या एजंटाकडे केअर वर्करचे ‘सर्टिफिकेट’ तयार आहे. अठरा लाख मागतो. जुनी तारीख टाकून देतो म्हणतो. घर गहाण टाकून द्यावेत का? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : अजिबात नाही. परदेशातून केअर वर्करची नवी भरती 22 जुलै 2025 ला बंद झाली. तिथे आधीपासून असलेल्यांना काही अटींवर जुलै 2028 पर्यंत या व्हिसावर बदलता येईल, पण बडोद्यात बसलेल्या सुनेला नाही. ‘जुनी तारीख’ हा प्रकारच नाही. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप म्हणजे छापील कागद नसून होम ऑफिसच्या संगणकातली नोंद असते, तिला स्वतःचा क्रमांक असतो, आणि ती कोणत्या दिवशी दिली ते तिथेच उमटते.

पैशांचे बघा. हे सर्टिफिकेट काढायला मालकाला 525 पौंड पडतात, आपले साठेक हजार रुपये. 31 डिसेंबर 2024 पासून स्किल्ड वर्करच्या सर्टिफिकेटची ती रक्कम कामगाराकडून वसूल करायला मालकाला मनाई आहे. मग अठरा लाख कशाचे? एजंटाला हा प्रश्न विचारा आणि पावती मागा.

हे सगळे बाजूला ठेवले तरी, केअरच्या क्षेत्रात काय होऊन गेले ते लक्षात घ्या. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात होम ऑफिसने 470 हून अधिक केअर कंपन्यांचे परवाने रद्द केले. त्यांच्याशी जोडलेले कामगार 39,000 च्या वर होते. परवाना गेला की कामगाराला नवा स्पॉन्सर शोधायला साधारणपणे 60 दिवस मिळतात. लाखो रुपये देऊन पोहोचलेल्या बायका एका खोलीत पाच-सहाजणी राहून त्या 60 दिवसांत दारोदार फिरल्या. घर गहाण टाकणारा मात्र इथे हप्ते भरत बसला.

कोणत्याही ऑफरच्या वेळी एवढे करा. ज्यांना परवाना आहे त्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट पाहता येते. कंपनीचे नाव, गाव आणि व्हिसाचा प्रकार तिन्ही जुळतात का ते बघा. नाव यादीत असले म्हणजे नोकरी खरी, असे मात्र नाही. खऱ्या कंपनीच्या नावाने खोटी पत्रे फिरतात, म्हणून कंपनीशी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या फोनवर थेट बोला.

प्रश्न : मी सप्टेंबरमध्ये एम.एस्सी.ला जातोय. बायकोला डिपेंडंट म्हणून नेता येईल का? – विद्यार्थी, निझामपुरा

उत्तर : नाही. 1 जानेवारी 2024 पासून सुरू झालेल्या, संशोधनाधारित नसलेल्या मास्टर्स अभ्यासक्रमांना ती सोय नाही. पीएच.डी., संशोधनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्ती यांनाच आहे. आणि हे ध्यानात ठेव, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळेल. तुझा अर्ज त्या तारखेनंतरच जाणार. कर्जाचा हिशोब 18 महिन्यांवर मांड.

प्रश्न : मुलीचे बाळंतपण आहे, हॅरोला. मी आणि हे, दोघे पेन्शनर. एजंट म्हणतो बाळंतपणाचे लिहू नका, ‘फिरायला’ लिहा. – एक आजी, कारेलीबाग

उत्तर : काकू, खरे तेच लिहा. मुलीच्या बाळंतपणाला आई जाते, यात लपवण्यासारखे काही नाही, आणि नियमातही नाही. कुटुंबाला भेटायला जाऊन थोड्या काळासाठी नातवंड सांभाळले तर चालते. ती नोकरी होता कामा नये आणि तुम्ही तिथेच राहायला लागलात असे दिसता कामा नये. एका भेटीत जास्तीत जास्त सहा महिने. वर्षानुवर्षे सहा महिने तिथे, चार महिने इथे असे चालवले तर पुढच्या खेपेला अडवतील. ‘फिरायला’ लिहिले आणि विमानतळावर बॅगेतून डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळाची दुपटी निघाली, तर मग खरे सांगूनही कोणी ऐकणार नाही.

सोबत पेन्शनची पासबुके, घराचे वेरा-बिल (घरपट्टी), मुलीचे पत्र, जावयाचा पगार आणि डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख जोडा. ठसे अहमदाबादला जाऊन देता येतील. आणि वैद्यकीय विमा काढल्याशिवाय जाऊ नका. पाहुण्यांना तिथल्या सरकारी इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर खर्चाच्या दीडपट बिल येते, आणि 500 पौंडांच्या वरचे बिल थकले तर पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो. काकांच्या बीपी-साखरेच्या गोळ्या पुरेशा घ्या, चिठ्ठीसकट.

प्रश्न : मुलगा 2022 पासून रेडिंगला आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. पाच वर्षांनी पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मिळणार होता. आता दहा म्हणतात. मधेच असे नियम बदलता येतात का? – निवृत्त शिक्षक, रावपुरा

उत्तर : सर, हा प्रश्न न्यायालयात जाऊन आलेला आहे. 2006 मध्ये ब्रिटनने उच्च कौशल्याच्या व्हिसाचे नियम असेच मधे बदलले आणि कायम वास्तव्याची मुदत चारावरून पाच वर्षे केली. त्या व्हिसावर आलेल्यांची एचएसएमपी फोरम ही संघटना लंडनच्या हायकोर्टात गेली, आणि 2008 व 2009 अशा दोन्ही निकालांत जिंकली. सरकारने त्या लोकांना आधी स्पष्ट आश्वासने दिली होती, यावर तो निकाल उभा होता. आजच्या स्किल्ड वर्करला तशी लेखी आश्वासने दाखवणे अवघड जाईल, म्हणून त्या निकालावर विसंबून राहू नका.

20 नोव्हेंबर 2025 ला जो प्रस्ताव मांडला गेला, त्यात मूळ मुदत दहा वर्षे आहे आणि ती आधीपासून तिथे असलेल्यांनाही लावायचे म्हटले आहे. मात्र सलग तीन वर्षे 50,270 पौंडांच्या वर करपात्र उत्पन्न असेल, तर त्यातून पाच वर्षे वजा होतात. आयटीतल्या मुलाला हे शक्य असते. पदवीपेक्षा खालच्या पातळीची कामे करणाऱ्यांना मात्र पंधरा वर्षे सांगितली आहेत, आणि साथीच्या काळानंतर म्हातारी माणसे सांभाळायला ज्यांना बोलावून नेले त्यांच्यावर हा घाव बसतो, हे मला अन्यायाचे वाटते.

मुलाला सांगा, पगाराच्या स्लिपा आणि पी-60 (मालक देतो तो वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) दरवर्षीचे जपून ठेव. कोणत्याही बारा महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहू नको, लग्नासाठी लांबलेली सुटीसुद्धा मोजली जाते. कायम वास्तव्यासाठी लागणारी ‘लाइफ इन द यूके’ची परीक्षा आत्ताच देऊन टाक. 24 प्रश्न, 45 मिनिटे, आणि एकदा पास झाले की तो निकाल जुना होत नाही. पासपोर्ट नवा केला असेल तर ई-व्हिसाच्या खात्यात त्याचा क्रमांक आजच बदलून घे.