पोरगा पोकलेन धुवायचा धंदा टाकतो म्हणतो, मशीन घेऊन देऊ का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी झालाय, पोलीस भरतीत दोनदा राहिला, आता नागपूरजवळच्या वाडीच्या एका यार्डात जेसीबी-पोकलेन धुवायला जाऊन राहिला अन् म्हणतो प्रेशरचं मशीन घेऊन स्वतःचा धंदा टाकतो, त्यासाठी तुमची पोत गहाण ठेवायची. घरचे म्हणतात बारावी शिकून गाड्या धुणार का. माझं म्हणाल तर धंदा करू द्या, पण पोत आत्ताच काढू नका.

लाजेचं आधी सांगतो. चिखलानं भरलेल्या मशीनला कोणताच मेकॅनिक हात लावत नाही, म्हणजे धुणं हे सर्व्हिसिंगचंच पहिलं काम झालं. आपली काळी माती तर विचारूच नका, पोकलेनच्या चेनमध्ये, रोलर अन् स्प्रॉकेटच्या फटीत जाऊन बसते, वाळली की दगड होते, मग रोलर फिरायचा थांबतो, चेन ताणली जाते, अंडरकॅरेज (खालचा चेन-रोलरचा सगळा भाग) घासतं, आणि ते बदलायचा खर्च ऐकला की मालकाला घाम फुटतो. तो काही हौसेनं धुवून घेत नाही. चांगला पोरगा आधी सब्बलनं गोळे पाडतो, मगच पाणी मारतो, आणि माती निघाल्यावर कुठं ऑइलची ओली रेघ दिसली तर ऑपरेटरला बोलावून दाखवतो. ही नजर ज्याची तयार झाली त्याला पार्टी सोडत नाही.

पाणी कुठं मारायचं नाही हे मात्र त्याला येतं का, विचारा. रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारलं की पत्र्या वाकतात, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं की मशीन उभं राहतं, तापलेल्या इंजिनवर थंड पाणी नको, हायड्रॉलिक सिलिंडरच्या सीलवर धार नको, आणि धुतल्यावर पिनांना ग्रीस मारायचं. बकेट जमिनीला टेकलेली, चावी काढलेली, तेव्हाच खाली जायचं. आणि ताई, १५०-२०० बारची धार, त्यात झिरो नोझल (एकदम बारीक सरळ धारेचं), कातडीतून आरपार जाते. बाहेरून बारीक भोक दिसतं, आतमध्ये सगळं खराब झालेलं असतं, तेव्हा लागलं तर हळद नाही, सरळ हॉस्पिटल. सेफ्टी शूज, फेस शील्ड, अर्थिंग अन् ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), यात पैसे वाचवू देऊ नका.

काम आहे का? आहे. बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी, आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटचे मिक्सर, उमरेड-सावनेरकडं कोळसा खाणीतले ठेकेदार. (खाणीत व्हीटी, म्हणजे खाणकामाचं व्होकेशनल ट्रेनिंग, झाल्याशिवाय आत घेत नाहीत, ते लक्षात ठेवा.) गोची असते उधारीची. ठेकेदार आज मशीन धुवून घेतो अन् पैसे बिल पास झाल्यावर देतो, तोवर डिझेल अन् उन्हाळ्यात टँकरचं पाणी आपल्या खिशातून. म्हणून सुट्या गाड्यांच्या मागं लागण्यापेक्षा दोन-तीन यार्डांशी महिन्याचा रेट ठरवलेला बरा. ऑइलचं पाणी नालीत सोडायचं नाही, त्यासाठी खड्डा अन् ऑइल वेगळं करायची सोय यार्डवाल्याकडं आहे का तेही आधीच बघून घ्यायचं, नाहीतर उद्या कारवाई झाली की नाव याचं येईल.

आता पैसे. सरकारच्या मुद्रा कर्जामध्ये शिशु ५० हजारांपर्यंत अन् किशोर ५ लाखांपर्यंत, दोन्हीला तारण लागत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात सीएमईजीपीचीही (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना) चौकशी करा, सबसिडी असते. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट आहे, एजंटला एक रुपया देऊ नका.

पण मशीन घ्यायच्या आधी हा पावसाळा त्याला त्याच यार्डात काढू द्या. पावसात मातीकाम थंडावतं, ठेकेदार मशिनी दुरुस्तीला आणतात, तेव्हाच शिकायला मिळतं. जमलं तर श्रद्धानंद पेठच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा फॉर्म भरा, एक वर्षाचा ट्रेड आहे, सकाळी आयटीआय अन् संध्याकाळी यार्ड असं करणारी पोरं मी पाहिलीत. रोज कोणती मशीन धुतली, किती वेळ लागला, पैसे कधी आले, एवढं त्याला एका वहीत लिहायला सांगा. दिवाळीनंतर ती वही घेऊन दोघंही या, मशीन सिंगल फेज विजेवरचं घ्यायचं की डिझेलवालं ते तेव्हा बसून ठरवू.