एक एकर विकून एम.ए. संगीत?

साकोली तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 31, बी.ए. झालंय, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारदही पूर्ण. खासगी शाळेत संगीत शिकवतात. पगार 9,000, तोही वर्षाचे दहाच महिने. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या हंगामात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाटक कंपनीत गातात. घरी तीन एकर धान, यजमानांचं मोटारपंप दुरुस्तीचं काम, सात वर्षांची मुलगी. छत्तीसगडातल्या खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात दोन वर्षांचं एम.ए. करायचंय. हाताशी दीड लाखाची एफडी. यजमान म्हणतात एक एकर विकू, सासूबाई म्हणतात मुलीचं सुकन्या समृद्धी योजनेचं खातं मोडा.

ताई, सुकन्याचा विषय आधी मिटवू. मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी पास झाल्याशिवाय त्यातून शिक्षणासाठी पैसे निघत नाहीत, आणि तेव्हाही निघतात ते तिच्याच शिक्षणासाठी.

आता हिशेब. फी, परीक्षा, येणंजाणं मिळून दोन वर्षांचे 40,000 तुम्ही लिहिलेत. खोली आणि मेसचे महिन्याला सहा हजार, म्हणजे वीस महिन्यांचे 1,20,000. पण तुमच्या कागदावर एक ओळ राहिली आहे: बुडणारा पगार, 1,80,000. सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि त्याची पावती कुणी देत नाही.

त्या पगारातले पाच हजार दर महिन्याला किराणा आणि मुलीच्या शिकवणीत जातात, म्हणजे दहा महिन्यांचे पन्नास हजार. धानाचे पैसे वर्षातून एकदा येतात, आणि चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, कधी निघतील ते खरेदी केंद्रवालाही छातीठोक सांगत नाही. त्यामुळे तुमची अडचण एकूण रकमेपेक्षा महिन्याच्या वीस तारखेला जास्त जाणवणार आहे. यंदाचा चुकारा जमा झाला की 40,000 वेगळ्या खात्यात टाका आणि घरखर्चाला त्यातूनच महिन्याच्या महिन्याला काढा. उरलेले दहा हजार हंगामातल्या नाइटांमधून, म्हणजे नाटकाच्या प्रयोगांमधून निघतील. सगळ्या नाइटा जमणार नाहीत, पण सोडूही नका. खैरागडजवळच्या डोंगरगडहून गोंदिया, तिथून वडसा, रेल्वेनं जाता येतं.

कॉलेजखर्चाच्या 1,60,000 पैकी एक लाख शैक्षणिक कर्ज घ्या, साठ हजार एफडीतून. उरलेल्या नव्वद हजारांना आजारपणाशिवाय हात लावायचा नाही. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि हप्ता साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. साडेदहा टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे 2,150. परत नऊ हजारांचीच नोकरी मिळाली तरी तो झेपेल. दीड लाख घेतलेत तर सव्वातीन हजार होतो, तो झेपणार नाही. मधल्या काळातलं व्याज दरमहा भरत राहा, पूर्ण रक्कम उचलल्यावर ते 875 होईल.

जमीन नको. एम.ए. झालं म्हणून प्राध्यापकी मिळत नाही. अनुदानित जागा मोजक्या, बाकी तासिका तत्त्वावर, आणि तिथं सुट्टीत पैसे नाहीत. एवढ्या कच्च्या भरवशावर पिकता तुकडा, तोही घाईत पडेल भावानं विकणं मला पटत नाही. पीककर्ज उचलून फी भरायचा विचार असेल तर तोही सोडा, ते थकलं की पुढच्या रोवणीला पैसा नाही.

तरी मी जा म्हणतोय, त्याचं कारण वय. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून नुसतं सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र व्हायला वयाची अट नाही. पण त्याच परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला वयाची 30 ची मर्यादा आहे आणि महिलांना पाच वर्षांची सूट. जेआरएफ मिळाली आणि पीएचडीला नाव नोंदलं की महिना 37,000. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच ही परीक्षा देता येते. यंदा गेलात तर काही प्रयत्न हाती राहतात, ‘मुलगी मोठी झाल्यावर बघू’ म्हणालात तर एकही नाही. स्पर्धा कडक आहे, तेव्हा अभ्यास पहिल्या वर्षापासूनच.

नागपूरच्या एम.ए.साठीही अर्ज भरा. घर जवळ, आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीट. प्रवेशाचं पत्र हाती आलं की शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकेकडे अर्ज करता येतो. शाळेत राजीनामा देऊ नका, आधी दोन वर्षांची बिनपगारी रजा लेखी मागा.