मेळावा सायबरचा, ऐकायचं कॅशियरनं

प्रश्न: आम्ही फोंडा तालुक्यातल्या काही पतसंस्था मिळून सायबर सुरक्षेचा मेळावा घेतोय. वक्ते फायरवॉलवर (नेटवरून होणारी घुसखोरी अडवणारी यंत्रणा) बोलणार. आमचे पैसे मात्र फोनवरच्या भूलथापांनी जातात. कार्यक्रम कसा आखावा?
– एक सचिव, फोंडा

उत्तर: फायरवॉलवाल्यांना चहानंतर २० मिनिटं द्या, पुरे. सकाळ कॅशियर, शिपाई आणि पिग्मी एजंटांची. मंचावरून एकाला खोटा फोन लावा, तोही कोंकणीतून. घरच्या भाषेत माणूस लवकर विरघळतो. ‘चेअरमन बोलतोय, मीटिंगमध्ये आहे, रक्कम लगेच पाठव.’ साहेबाला उलट विचारणं आपल्याकडे उद्धटपणा ठरतो, ठग त्यावरच जगतो. म्हणून चेअरमननीच सर्वांसमोर सांगावं: खात्रीसाठी मला परत फोन केलात तर रागावणार नाही. (हे त्यांच्याकडून वदवून घेणं, हे तुमचं खरं काम!)

ठग पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर धमकावतात, ती ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही, हे ठणकावून सांगा. पैसे गेलेच तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येऊ शकते. फसलेल्याला मंचावर उभं करू नका, पुढचा तोंड उघडणार नाही. आणि तारीख चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास नको. सगळे गावच्या घरी असतात, सभागृहात तुम्ही आणि वक्ते उराल.