अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा इतिहास एवढा खास का मानतात?

कारण ज्या माणसाने हा खेळ शोधला, त्यानेच हा संघ उभा केला. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला आणि १८९८ मध्ये ते कॅन्ससला आले. गंमत बघा, या संघाच्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असलेले ते एकटेच: ५५ विजय, ६० पराभव! त्यांना खेळ शिकवायचा होता, आकडे जमवायचे नव्हते. म्हणून मला ते जास्तच आवडतात.

त्यांचाच विद्यार्थी फॉग ॲलन पुढे प्रशिक्षक झाले. त्यांनी संघाला दरारा मिळवून दिला आणि १९५२ मध्ये पहिलं एनसीएए (अमेरिकी महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा) विजेतेपद आणलं. पुढे विल्ट चेंबरलेन हा खेळाडू आला. १९५७ ची अंतिम लढत तीन जादा डावांपर्यंत गेली आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून ५३-५४ अशी अवघ्या एका गुणाने हातची गेली.

१९८८ मध्ये डॅनी मॅनिंग या खेळाडूच्या जोरावर दुसरं विजेतेपद. पण मन अडकतं ते २००८ वर. मेम्फिसविरुद्ध तीन गुणांची पिछाडी, घड्याळात जेमतेम दोन सेकंद, आणि कॅन्ससच्या मारियो चाल्मर्सने लांबून तीन गुणांचा चेंडू टाकला. सरळ जाळीत! सामना बरोबरीत, मग जादा वेळेत ७५-६८ असा विजय. २०२२ मध्ये चौथं विजेतेपद, तेही नॉर्थ कॅरोलायनालाच ७२-६९ असं हरवून.

संघाचं घरचं क्रीडागृह असलेल्या, लॉरेन्स शहरातल्या ॲलन फील्डहाउसच्या मैदानाला आजही नायस्मिथ यांचंच नाव आहे.